थिएसनच्या तुकड्यांचा तक्ता

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांभोवती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थिएसन बहुभुज (प्रत्येक मापकाला सगळ्यात जवळ पडणाऱ्या जागेचे तुकडे) काढले. प्रत्येक तुकड्याचे भौमितिक गुणधर्म तक्त्यात मांडायचे आहेत. कोणते रकाने ठेवावेत? शिवाय तुकड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज जिल्ह्याच्या क्षेत्रफळापेक्षा कमी भरते. असं का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी बेरीज. ती जुळल्याशिवाय तक्त्यातल्या कुठल्याच आकड्यावर विसंबू नका.

कडेच्या मापकांचे तुकडे मुळात बाहेरून उघडे, अनंत असतात. सॉफ्टवेअर त्यांना बिंदूंभोवतीच्या चौकटीवर छाटतं. बफर (चौकट बिंदूंच्या बाहेर किती वाढवायची ते) शून्य टक्के असेल तर चौकट टोकाच्या मापकांवरच संपते आणि तिच्यापलीकडचा जिल्हा कोणाच्याच वाट्याला येत नाही. बफर 50 टक्के ठेवून पाहा, जिल्हा पूर्ण झाकला गेला की मग सीमेने तुकडे कापा. शेजारच्या जिल्ह्यांतले सीमेलगतचे मापकही घ्या. नाहीतर बेरीज जुळेल, पण कडेचे तुकडे उगाच फुगलेले राहतील.

बहुभुज अंशांमध्ये काढू नका. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे 110.7 किमी भरतो, रेखांशाचा साधारण 105. अंशांत काढलेला लंबदुभाजक, म्हणजे दोन तुकड्यांमधली हद्द, जमिनीवर दोन्ही मापकांपासून सारख्या अंतरावर राहत नाही. बिंदू आधी यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) विभाग 43 उत्तरमध्ये न्या.

रकाने एवढे पुरेत : मापक, क्षेत्रफळ, परिमिती, शेजारी तुकड्यांची संख्या, मापकापासून केंद्रकाचं (तुकड्याच्या मध्यबिंदूचं) अंतर, गोलाई आणि ‘कडेचा की आतला’. गोलाई म्हणजे 4π × क्षेत्रफळ ÷ परिमितीचा वर्ग. वर्तुळाला 1, सुसम षटकोनाला 0.907, चौरसाला 0.785 येते. 420 चौ.किमी क्षेत्रफळ आणि 84 किमी परिमिती असेल तर 0.748. आकडा फार खाली गेला तर तुकडा लांबुळका आहे, म्हणजे त्या दिशेला मापक विरळ आहेत.

शेवटचा रकाना गाळू नका. बीडची उत्तर सीमा गोदावरीच्या काठाने वळत जाते. तिथे कापलेल्या तुकड्याला शेकडो शिरोबिंदू येतात, परिमिती वाढते आणि गोलाई खोटी घटते. म्हणून बाजू शिरोबिंदूंवरून न मोजता शेजाऱ्यांवरून मोजा, आणि आकाराच्या सरासऱ्या फक्त आतल्या तुकड्यांच्या काढा. क्षेत्रफळाची बेरीज मात्र सगळ्यांची.

प्रश्न : जिल्ह्याचा सरासरी पाऊस काढायला एवढं करण्यापेक्षा मापकांची साधी सरासरी का नको?

उत्तर : नमुन्यादाखल तीन तुकडे घ्या : 420, 310 आणि 170 चौ.किमी, पाऊस 62, 40 आणि 18 मिमी. साधी सरासरी 40 मिमी. क्षेत्रफळाचा भार दिला तर 41,500 ÷ 900, म्हणजे 46.1 मिमी. भार काढताना महसूल मंडळाचं क्षेत्रफळ वापरू नका. मंडळाची हद्द आणि थिएसनचा तुकडा एक नसतात. बालाघाटाच्या डोंगररांगेत आणखी जपा, कारण ही पद्धत फक्त अंतर धरते, उंची नाही.