बारमध्ये वाजवणाऱ्यानं आजीची गॉस्पेल गाणी गावीत का?

"आठवड्याचे पाच दिवस मी बारमध्ये वाजवतो. चर्चला जाणं कधीच सुटलंय. मग आजी गायची ती देवाची गाणी रेकॉर्ड करायचा मला काय अधिकार?" अमेरिकेच्या दक्षिण भागात, संगीतावर पोट असलेल्या माणसांचं समुपदेशन करताना हा प्रश्न या ना त्या शब्दांत वारंवार कानावर येतो. विचारणारा बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपासचा असतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं.

इथे ज्यांची केस देत आहोत, ते नॅशव्हिलमधले गिटारवादक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिथल्या लोअर ब्रॉडवे या रस्त्यावरच्या बारमध्ये बँडच्या चार-चार तासांच्या पाळ्या लागतात. ठरलेलं मानधन थोडं, बाकी कमाई टिपच्या बादलीत पडेल तेवढी. आई वारल्यावर त्यांना तिच्या कपाटात आजीची गाण्याची पुस्तकं सापडली. मराठी ख्रिस्ती घरांत 'उपासना संगीत'ची प्रत जशी हाताळून हाताळून मऊ झालेली असते, तशीच ही. त्यातली दहा गाणी रेकॉर्ड करायची, असं त्यांनी ठरवलं आणि तिथेच गाडी अडली.

ही गाणी म्हणजे सदर्न गॉस्पेल, अमेरिकेच्या दक्षिणेतली ख्रिस्ती भक्तिगीतं. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी 1910 मध्ये आपली पुस्तकं खपावीत म्हणून चार पुरुषांचा एक चमू पगारावर गावोगाव पाठवला. टेनर, लीड (मुख्य चाल गाणारा), बॅरिटोन, बेस (सर्वांत खालचा) अशा चार आवाजांच्या क्वार्टेटची, म्हणजे चौघांच्या चमूची, व्यावसायिक परंपरा तिथून रुजली. पुस्तकांतली स्वरलिपी आकारांची असते. सातही स्वरांना वेगळा आकार, त्यामुळे शेतावर राबणारी माणसंही थोड्या दिवसांच्या गानवर्गात चारही आवाज वाचून गायला शिकत. नॅशव्हिलचे स्टुडिओवादक आज आकड्यांत कॉर्ड लिहितात, त्या पद्धतीची सुरुवात करणारे नील मॅथ्यूज हे जॉर्डनेअर्स या गॉस्पेल क्वार्टेटचेच गायक. म्हणजे हे गृहस्थ रोज जे आकडे वाचून पोट भरत होते, त्यांची मुळंही याच गाण्यांत होती.

त्यांची तक्रार अशी: घरी एकट्यानं रेकॉर्डिंगला बसायचं, एकच गाणं रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा गायचं आणि शेवटी सगळं पुसून टाकायचं. "आवाज मेलेला येतो. माझी श्रद्धा नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळेल."

अशा वेळी समुपदेशकाला श्रद्धेवर बोलायचा मोह होतो. तो आवरावा. आधी विचारावं, की गाताना कानात नेमकं काय वाजत असतं? उत्तर आलं: क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायला यंत्र देतं तो एकसारखा टकटक ठोका, आणि हेडफोनमधून येणारा स्वतःचा आवाज. दोन्हीकडे खोट होती. जुन्या उपासनागीतांत ओळीच्या शेवटी सगळे थांबतात, श्वास घेतात, साथ करणारा त्या श्वासासाठी रेंगाळतो. क्लिक कुणासाठी थांबत नाही. स्टुडिओत वर्षानुवर्षं क्लिकवर वाजवल्यामुळे ते नकळत ओळ तोडून पुढच्या ठोक्यावर उडी मारत होते. दुसरं म्हणजे कॉम्प्युटरवर बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, 512 सँपलचा ठेवलेला. 48 किलोहर्ट्झला एका दिशेचाच उशीर सुमारे 11 मिलिसेकंद होतो, जाऊन-येऊन वीसच्या वर. आपलाच आवाज इतका मागून ऐकू आला, की गाणारा बिचकतो, सूर दाबून धरतो. हा दोष यंत्राचा आणि सवयीचा होता. त्यांनी तो स्वतःच्या ढोंगीपणाचा पुरावा म्हणून वाचला होता.

पहिला बदल म्हणून क्लिक बंद केला. गिटार आणि गळा वेगवेगळे न घेता एकत्र, एकाच टेकमध्ये, म्हणजे एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये. बफर 64 वर, हेडफोनचा एक कान उघडा. माइक तोंडापासून साधारण 20 ते 25 सेंटिमीटरवर आणि किंचित बाजूला. सर्वांत मोठा आवाजही उणे 6 डेसिबलच्या (शून्य ही यंत्राची कमाल मर्यादा) वर जाणार नाही, इतकंच लेव्हल. पुस्तकात ए-फ्लॅटमध्ये असलेलं गाणं एफमध्ये उतरवलं, कारण बारच्या पाळ्यांनी बसलेल्या घशाला वरचे स्वर झेपत नव्हते. यात एक अडचण येते. लीड खाली आला की बेसही तेवढाच खाली जातो, आणि तिथे गाणारा खरा बेस नसेल तर नुसती घरघर ऐकू येते. म्हणून पट्टी ठरवताना चारही आवाजांचे सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे स्वर कागदावर मांडून पाहावेत. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग ठेवू नये.

मनाच्या बाजूचं काम याच्या जोडीनं चालू होतं. नियम असा ठरला: एका बैठकीत एका गाण्याचे तीनच टेक, मग यंत्र बंद. चोवीस तास ऐकायचं नाही आणि काहीही पुसायचं नाही. गाण्याआधी पाच मिनिटं संथ श्वास, घेताना चार आकडे आणि सोडताना सहा, कारण भीतीनं श्वास छातीत वर अडकतो आणि लांब ओळ मध्येच तुटते. दुसऱ्या दिवशी ऐकताना कागदावर दोन रकाने. डावीकडे फक्त कानाला ऐकू आलेलं, उजवीकडे त्यावर मन काय बोललं ते. त्यांच्या एका कागदावर डावीकडे होतं, "दुसरं कडवं, तिसरी ओळ, शेवटचा स्वर थोडा उतरलेला." उजवीकडे, "आजीची टिंगल करतोय." दोन्ही वाक्यं शेजारी दिसली, तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. उतरलेल्या स्वरावर उपाय असतो. टिंगलीचा आरोप कुठल्याही टेकनं पुसला जात नाही, म्हणून तर टेक वाढत जातात. आधी आत्मविश्वास येऊ दे, मग रेकॉर्ड करू, या क्रमानं हे काम होत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

उजवा रकाना सतत भरत गेला, तेव्हा त्याखालची गोष्ट वर आली. आईच्या शेवटच्या दिवसांत ते दौऱ्यावर होते. गाण्यांचा अधिकार विचारणारा प्रश्न मुळात या दुःखाचा होता. ते वाजवणार होते त्यातलं 'लीनिंग ऑन दी एव्हरलास्टिंग आर्म्स' हे 1887 चं. गानवर्ग घेणारे अँथनी शोवॉल्टर यांना दोन विद्यार्थ्यांची पत्रं आली, दोघांच्याही बायका वारल्याचं कळवणारी. सांत्वनाची उत्तरं लिहिता लिहिता शोवॉल्टरना ध्रुवपद सुचलं. कडवी त्यांनी एलिशा हॉफमन यांच्याकडून लिहून घेतली. हे कळल्यावर आमच्या गिटारवादकांनी स्वतःहून आपल्या गेलेल्या आईला एक पत्र लिहिलं, कुणालाही न दाखवता. त्यानंतरच्या टेकमध्ये रडू आलं. त्याची तयारी आधीच झालेली होती: थांबायचं, पाणी प्यायचं, तेच गाणं फक्त गिटारवर वाजवायचं, मग पुन्हा गायचं.

बारमधून देवाच्या गाण्यांकडे आलेले कितीतरी लोक इतिहासात आहेत. कृष्णवर्णीय गॉस्पेलचे जनक मानले जाणारे टॉमस डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' या नावानं ब्लूज वाजवत, आणि त्यांची गाणी सुरुवातीला कित्येक चर्चना नकोशी होती. ही उदाहरणं जरूर सांगावीत. अपराधीपणा मात्र उदाहरणांनी फारसा हटत नाही.

पैशाची आणि कायद्याची धास्ती त्या मानानं लवकर मिटते. अमेरिकेत अशा जुन्या प्रकाशित गाण्यावरचा कॉपीराइटचा हक्क 95 वर्षं चालतो. 2026 च्या सुरुवातीपासून 1930 पर्यंत छापलेली गाणी मोकळी आहेत. 1932 मध्ये छापलेलं 'आय'ल फ्लाय अवे' मोकळं व्हायला 2028 उजाडेल. तोवर मेकॅनिकल परवाना, म्हणजे दुसऱ्याचं गाणं रेकॉर्ड करून प्रती काढायची परवानगी, काढावा. 2025 चा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे 12.7 सेंट होता, म्हणजे 500 सीडींना 63 डॉलर 50 सेंट. फसगत होते ती शब्दांच्या पाठांत. 'विल द सर्कल बी अनब्रोकन'चा मूळ पाठ 1907 चा, पण लोकांच्या तोंडी बसलेला कार्टर फॅमिलीचा पाठ 1935 मध्ये रेकॉर्ड झालेला. कोणते शब्द गातोय ते छापील पुस्तक आणि त्यावरचं साल पाहून ठरवावं. नव्या पुस्तकातली चार आवाजांची मांडणी उचलली तर तिचा हक्क वेगळा.

थोरल्या बहिणीचा विरोध होता. "रात्री दारूच्या गुत्त्यात आणि दिवसा येशूचं नाव?" तिची समजूत काढायला आम्ही सुचवलं नाही. तिला मत विचारण्याऐवजी काम सांगा, एवढंच म्हटलं. लहानपणी ती ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायची. ध्रुवपदात मागच्या आवाजांनी उत्तर द्यायचं असतं, ते एकट्यानं होत नाही. ती आली, पण चर्चच्या हॉलमध्येच गाईन या अटीवर. घरातल्या खोलीपेक्षा तिथला घुमारा बराच चांगला निघाला. बारबद्दलचं तिचं मत तेच राहिलं.

शेवटी काळजीची बाब. पुष्कळ वादक भीती घालवायला मित्राकडून प्रोप्रॅनोलॉलची, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी, गोळी घेतात. दमा, मंद नाडी किंवा कमी रक्तदाब असेल तर ती धोक्याची ठरते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, पाळी संपल्यावरचं पिणं वाढत असेल, तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर अमेरिकेत 988 आणि भारतात टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.