कॉन्फरन्सची पकड भाड्यात नव्हती, अडकवलेल्या परताव्यात होती

रत्नागिरीहून आंब्याचा पल्प पाठवणाऱ्या सदस्यांचा प्रश्न: न्हावाशेवाहून चार लाइनांचे (जहाज कंपन्यांचे) दर मागवले तरी आकडे उन्नीस-बीसच येतात, मग ही जुनी ‘कॉन्फरन्स’च का?

नाही. कॉन्फरन्स हे एका मार्गावरच्या जहाज कंपन्यांनी मिळून भाडं बांधायचं राजरोस संगनमत होतं. 1869 ला सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या, भाडी कोसळली. 1875 मध्ये ब्रिटन-कलकत्ता मार्गावरच्या कंपन्यांनी एकच दर बांधला. पण बाहेरची बोट स्वस्तात आली की व्यापारी तिकडे वळणारच. त्यावर 1877 मध्ये तोड निघाली, ती डिफर्ड रिबेटची, म्हणजे अडकवून ठेवलेल्या परताव्याची.

समजा, महिन्याचं भाडं 10,000 रुपये आणि परतावा 10 टक्के. सहा महिन्यांत तुमचे 6,000 जमतात, पण ते हातात पडणार पुढचे सहा महिनेही सगळा माल त्यांच्याच बोटींवर चढवलात तर. तोवर आणखी 6,000 साठलेले. एक खेप बाहेर गेली की 12,000 वर पाणी! सावकारी बरी म्हणायची.

तरीही बाहेरचा कोणी टिकलाच, तर त्याच्याच तारखेला त्याच बंदरातून पडेल भाड्यात ‘लढाऊ बोट’ सोडायची आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मुंबईत 1893 च्या सुमारास जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीबरोबर चीन-जपानची लाइन काढली, तेव्हा पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीनेही असंच भाडं पाडलं. टाटांची लाइन बंद पडली. ब्रिटिश हाऊस ऑफ लॉर्ड्सने डिसेंबर 1891 मध्ये मोगल या कॉन्फरन्सबाहेरच्या जहाज कंपनीच्या खटल्यात अशी कोंडी कायदेशीर ठरवली होती. अमेरिकेने 1916 मध्ये डिफर्ड रिबेट आणि लढाऊ बोट दोन्हींवर बंदी घातली. युरोपने कॉन्फरन्सला स्पर्धा कायद्यातून दिलेली सवलत 2008 मध्ये काढली.

आताच्या अलायन्समध्ये (जहाज कंपन्यांच्या युतीत) बोटीवरची जागा वाटून घेतात, दर ज्याचा त्याने ठरवायचा. आपल्याकडेही 2018 च्या अधिसूचनेने जागावाटपाला तीन वर्षांसाठी सूट दिली होती, दर संगनमताने ठरवायला नाही. म्हणजे तुमच्या चारपैकी तीन कोटेशन एकाच बोटीची असू शकतात! म्हणून आधी बोटीचं नाव आणि व्हॉयेज नंबर (फेरीचा क्रमांक) विचारा. तुलना मूळ भाड्याची नको. इंधन अधिभार, टीएचसी (टर्मिनलवर कंटेनर हाताळण्याचा आकार), सीझनचा अधिभार धरून 20 फुटी कंटेनरचा एकूण आकडा मागा. दर बुकिंगच्या तारखेचा की बोट सुटण्याच्या, हे लेखी घ्या. बोट आठवडाभर पुढे ढकलली की वाढ नेमकी तिथे चिकटते.