‘शिबुई’ म्हणजे नुसते ‘तुरट’ नव्हे

जपानी शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, एकाच कथेत चहा ‘शिबुई’, दुकानाचा मालक पैशाच्या बाबतीत ‘शिबुई’ आणि एका वृद्ध गायकाचा आवाजही ‘शिबुई’ असे आले, तर या तिन्ही ठिकाणी ‘तुरट’ लिहावे काय?

चहापुरते ‘तुरट’ अगदी चपखल आहे. हिरवा चहा फार गरम पाण्यात फार वेळ ठेवला की जी चव उतरते ती शिबुई. कडू चवीसाठी जपानीत ‘निगाई’ हा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे षड्रसांत कषाय रस स्वतंत्र मोजलेला असल्यामुळे हा भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मूठभर जांभळे खाल्ल्यावर जीभ टाळ्याला घासू लागते, आतून कोणी ओढून धरल्यासारखी आखडते, तो अनुभव म्हणजेच शिबुई. फळातील किंवा चहातील टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते, त्यामुळे तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. म्हणून या संवेदनेत चवीइतकाच, किंबहुना चवीपेक्षा अधिक, स्पर्शाचा भाग असतो.

जपानी माणसाला शिबुई म्हटले की आधी ‘शिबुगाकी’ आठवते, म्हणजे काकी (इंग्रजीत पर्सिमॉन) या फळाची तुरट जात. हे फळ कडक असताना खाववत नाही. ते सोलून, दोरीला टांगून काही आठवडे वाऱ्यावर सुकवले की त्याचे अतिशय गोड ‘होशिगाकी’ होते. गंमत अशी की सुकताना टॅनिन नाहीसे होत नाही, ते लाळेत विरघळेनासे होते, एवढेच. तुरटपणा फळात राहतो, पण जिभेला लागत नाही.

आता मालकाकडे वळू. शिबुई ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचा अर्थ ‘सहज न सरकणे, अडणे’ असाही आहे, आणि वाहतूक खोळंबण्याला जपानीत ‘जूताई’ म्हणतात त्यातही तेच अक्षर आहे. पैसा ज्याच्या हातून सरकत नाही तो ‘काने नि शिबुई’. नाखुशीने, आढेवेढे घेत केलेले काम ‘शिबुशिबु’ केलेले असते आणि नाराजीने आक्रसलेला चेहरा हा ‘शिबुई काओ’. मराठीतही आपण कंजूष माणसाला ‘चिकट’ म्हणतो, तो ‘हात आखडता घेतो’ असेही म्हणतो; दोन्ही शब्दप्रयोग स्पर्शातूनच आले आहेत. त्यामुळे येथे ‘हात आखडता घेणारा मालक’ असे भाषांतर मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यात मूळ शब्दातली आकुंचनाची जाणीवही टिकते.

आवाजाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. येथे शिबुई ही निखळ प्रशंसा आहे. भडकपणा नाही, पहिल्या क्षणी मोहवण्याची धडपड नाही, पण ऐकत राहावे तसे त्यातले पदर उलगडत जातात, असा तो आवाज. कपड्याच्या राखाडी-तपकिरी रंगालाही याच अर्थाने शिबुई म्हणतात, आणि या गुणाचे नाव ‘शिबुमी’. माझ्या मते येथेही ‘सहज न सरकणे’ हाच धागा आहे, कारण हे सौंदर्य आपण होऊन पुढे येत नाही. मराठीत ‘तुरट आवाज’ लिहिले तर वाचकाला तो दोष वाटेल. ‘मुरलेला आवाज’ बराच जवळ जातो, कारण लोणच्यापासून गायकापर्यंत हा शब्द आपण कौतुकानेच वापरतो. मात्र मुरण्यात काळ आणि परिपक्वता आहे, संयम नाही. म्हणून मी ‘मुरलेला, संयत आवाज’ असे दोन शब्द वापरीन.

एक व्याकरणाची गोष्टही लक्षात ठेवावी. जपानीत हे विशेषण स्वतःच काळ आणि नकार दाखवते: ‘शिबुकत्ता’ म्हणजे ‘तुरट होता’, ‘शिबुकुनाई’ म्हणजे ‘तुरट नाही’. कथेत ही रूपे आली तर ते निराळे शब्द समजू नयेत.