जपानमधल्या निक्कोच्या तोशोगू देवस्थानात घोड्यावरून बाण मारतात, ती स्पर्धा असते का?

नाही, ती मुळात देवाला वाहिलेली सेवा आहे. जपानीत या प्रकाराला याबुसामे म्हणतात. डोंगरातल्या या देवस्थानात तोकुगावा इएयासु या शोगुनालाच, म्हणजे जुन्या जपानच्या लष्करी सत्ताधीशालाच, देव मानून पुजतात आणि वसंतोत्सवात, १७ मे रोजी, हा सोहळा होतो. शिकारीच्या जुन्या वेशातला धनुर्धर लगाम सोडून भरधाव घोड्यावरून ओळीने तीन लाकडी फळ्यांवर नेम धरतो. एक बाण सुटला की पुढचा लावायला क्षणभरच मिळतो. खरं कसब तिथेच दिसतं! नेम मोजतात, हेही खरं. पण प्रार्थना आणि विधी झाल्याशिवाय घोडा धावत नाही. दुसऱ्या दिवशीची योद्ध्यांची मिरवणूकही चुकवू नका.