फुल थ्रॉटलला गाडी दोन सेकंद मरते: रिमोट बदलायच्या आधी हे बघ

भावा, तुझी तक्रार थोडक्यात अशी: रिमोट कंट्रोलवरचा १/१० मापाचा ट्रक, ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेली) ५४० मोटर, टू-एस म्हणजे दोन सेलची लायपो बॅटरी. कळंब्याच्या बाजूला उसाच्या बांधावरनं चिखलात फिरवलास. तेव्हापासून थ्रॉटल पूर्ण दाबला की गाडी दोन सेकंद मरते, पुढची चाकं आपोआप एका बाजूला झटका घेतात, मग परत नीट चालते. मोटर बदलून झाली, आता नवा रिमोट घ्यायचा विचार आहे. रिमोट राहू दे. अशा लक्षणांत त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

आधी एक गोष्ट बघ, तिला पैसे लागत नाहीत. गाडी मेली त्या क्षणी स्टिअरिंग हलतं का? मोटर बंद पण चाकं डावी-उजवी वळतायत, तर ईएससीनं, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या स्पीड कंट्रोलरनं, मुद्दाम मोटरची वीज तोडलीय: एकतर बॅटरी उतरली म्हणून किंवा स्वतः तापला म्हणून. स्टिअरिंगही मेलं, तर गाडीतला रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग, बंद पडून पुन्हा चालू होतोय. तुझी चाकं रिमोटचं न ऐकता आपोआप झटका घेतात, म्हणजे तू दुसऱ्या गटात. बॉडी काढून रिसीव्हरच्या दिव्यावर मोबाईलचा कॅमेरा लावून ठेव; त्या दोन सेकंदांत दिवा विझला किंवा लुकलुकला की खात्री पटेल.

कारण असं. रिसीव्हर आणि सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) बॅटरीवर थेट चालत नाहीत. ईएससीच्या पोटात बीईसी नावाचा छोटा भाग असतो, तो ७.४ व्होल्टचे ५ किंवा ६ व्होल्ट करून देतो. उभ्या गाडीला एकदम थ्रॉटल दिला की मोटर क्षणभर ४०-५० अँपियर ओढते आणि बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो. त्याच वेळी चिखलात अडकलेली चाकं वळवायला सर्वो दोन अँपियर मागतो. स्वस्त ईएससीचा बीईसी जेमतेम तेवढाच देतो. रिसीव्हरचा व्होल्टेज साडेतीनच्या आसपास गेला की तो शुद्ध हरपतो, आणि परत उठून रिमोटशी जोडून घ्यायला त्याला सेकंद-दोन सेकंद लागतात. तुझे ते दोन सेकंद हेच.

मग ओढ कोण करतंय ते शोध. गाडी ठोकळ्यावर ठेव, चाकं अधांतरी, आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धर. सर्वो गुणगुणतोय? म्हणजे चाक अडलंय तरी सर्वो ढकलतोच आहे आणि सतत अँपियर-दीड अँपियर खातोय. रिमोटवर स्टिअरिंगचा ड्युअल रेट किंवा एंड पॉइंट (सर्वो किती लांब वळायचा त्याची मर्यादा) कमी करत ये. गुणगुण थांबली की तिथंच ठेव. वळण्यात फरक पडत नाही, कारण चाक त्यापुढं जातच नव्हतं. नंतर सर्वोचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा छोटा हात) काढून चाकं बोटानं हलव. आपल्याकडची काळी माती ओली असताना सांध्यात शिरते आणि वाळली की सिमेंटसारखी धरते. बोटाला जड लागलं तर नकल आणि बेलक्रँक (चाकं वळवणारे सांधे) खोलून ब्रशनं साफ कर. बऱ्याच गाड्या इथंच बऱ्या होतात.

एवढ्यानं भागलं नाही तर मल्टिमीटर काढ. डीसी २० व्होल्टवर ठेव आणि रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टवर टेकव: मधली पिन प्लस, काळ्या किंवा तपकिरी वायरीच्या ओळीतली मायनस. आधी नुसता आकडा लिहून घे. मग कुणाला तरी पुढची चाकं हातानं घट्ट धरायला सांग आणि स्टिअरिंग दोन्हीकडं मार. ६ चे ५.५ झाले तर ठीक, ४.५ च्या खाली आले तर बीईसी दमलाय. पण मीटरवर फार विसंबू नको. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, आणि रिसीव्हर काही मिलिसेकंदांच्या बुडीनंही पडतो. मीटर ५.४ दाखवतोय म्हणून सगळं ठीक, असं नसतं.

म्हणून पक्की परीक्षा वेगळी. चार डबल-ए सेलचा होल्डर घे आणि रिचार्जेबल सेल भरून रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टला लाव, ४.८ व्होल्ट मिळतील. त्याआधी ईएससीकडनं येणाऱ्या तीन वायरींतली लाल काढावी लागते. कनेक्टरच्या प्लास्टिकला बारीक जीभ असते, ती सुईनं किंचित उचल आणि लाल वायर मागं ओढ. पिनसकट बाहेर येते. तोडू नको, पिनवर टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेव. काळी आणि सिग्नलची तशीच राहू दे, काळी काढलीस तर मोटर चालणार नाही. आता गाडी जमिनीवर पळव. दोष गायब झाला तर बीईसी किंवा त्याच्या मागची बॅटरी-बाजू दोषी. दोष तसाच राहिला तर सर्वो, रिसीव्हर किंवा सिग्नलकडं बघ. टू-एस लायपो मात्र रिसीव्हरला थेट जोडू नको. भरलेल्या बॅटरीचे ८.४ व्होल्ट साध्या ६ व्होल्टच्या सर्वोला जाळू शकतात.

बॅटरी-बाजू म्हणजे मुख्यतः कनेक्टर. गाडीला तो जुना पांढरा टॅमिया प्लग असेल तर संशय आधी त्याच्यावर घे. त्याची पिन सैल झाली आणि जोडात २० मिलिओहम रोध आला, तर ३० अँपियरला ०.६ व्होल्ट तिथंच गळतात आणि १८ वॅट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावरनं अंदाज घे. दोन मिनिटं पळवून थांबव आणि बोट लाव: प्लग वायरीपेक्षा गरम असेल तर आत पिन काळी पडलेली दिसेल.

त्या जागी एक्सटी-६० प्लग लाव. २५ वॅटचं आयर्न जाड वायरीला पुरत नाही, ६० वॅटचं घे, सोबत ६०/४० सोल्डर आणि फ्लक्स. सोल्डर करताना प्लगमध्ये जोडीचा दुसरा प्लग खुपसून ठेव, नाहीतर नायलॉन मऊ होऊन पिना वाकड्या बसतात. हीट-श्रिंक नळी आधी वायरीत सरकव. हे विसरून परत सोल्डर सोडवणारे लई बघायला मिळतात. आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम पकडीत धरून कापायच्या नाहीत. पकड लोखंडाची, तिथंच शॉर्ट होऊन धारेला खड्डा पडतो. एक काप, सोल्डर कर, झाक, मग दुसरी.

बॅटरीही तपास. बॅलन्स प्लगमध्ये तीन वायरी असतात: काळी ते मधली पहिला सेल, मधली ते लाल दुसरा. भरल्यावर दोन्ही ४.२ दाखवतील, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. बजर असलेला छोटा लायपो चेकर बॅलन्स प्लगला लावून गाडी पळव. थ्रॉटल दाबल्यावर एकच सेल ओरडला तर तो सेल गेला. फुगलेली बॅटरी वापरूच नको. ईएससीवर लायपो आणि निकेल बॅटरीसाठी वेगळा जंपर (निवडीची छोटी टोपी) असेल तर तो लायपोवर आहे का तेही बघ. निकेलवर राहिला असेल तर कट-ऑफ (बॅटरी उतरल्यावर मोटर बंद करायची मर्यादा) चुकीचा लागतो आणि सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन मरतात.

आता चिखलाचा हिशोब. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं ते कधी कधी फक्त ईएससीबद्दल. रिसीव्हरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घे. सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागं राहतं. मग पंख्याखाली एक दिवस. जुलैत कोल्हापूरच्या दमटपणात नुसतं उघडं ठेवून वाळत नाही, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात बंद कर. तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही, उलट कोंडा आत जातो. सर्वो मधल्या जागी थरथरत असेल तर त्याच्या आतल्या पोटेन्शिओमीटरपर्यंत (वळण मोजणाऱ्या भागापर्यंत) पाणी गेलं असेल. स्वस्त सर्वो असेल तर साफ करण्यापेक्षा बदललेला बरा.

नवी मोटर तू घातलीस ना? तिच्यावर कपॅसिटर आहेत का बघ. ब्रश्ड मोटरला १०४ लिहिलेले तीन सिरॅमिक हवेत: एक दोन टर्मिनलांमध्ये, बाकी दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्यापर्यंत. डबा कानशीनं घासल्याशिवाय सोल्डर धरत नाही. टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडं काही रुपयांत मिळतील. ब्रशलेस मोटरला हे करायचं नाही.

अँटेनाचं एकच: रिसीव्हरच्या वायरीच्या टोकाचा सुमारे ३१ मिलिमीटरचा बारीक भाग हीच खरी अँटेना. तो शाबूत आणि उभा असला, बॅटरी-मोटरपासून लांब असला की झालं.

बीईसीच दमलेला निघाला तर ५-६ व्होल्ट, ५ अँपियरचा वेगळा यूबीईसी बॅटरीच्या वायरींना जोड आणि ती लाल वायर कायमची टेपमध्ये ठेव. रिकाम्या पोर्टला ४७०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावायचा सल्लाही मिळेल. दोन अँपियरची दोन मिलिसेकंदांची ओढ तो एका व्होल्टच्या आत झेलतो; पण अडलेला सर्वो सेकंदभर ओढत राहिला तर त्याचं काही चालत नाही. लावलास तर पोलॅरिटी दोनदा बघ, उलटा लागलेला कपॅसिटर फुटतो.