गूगलवर पहिला नंबर, लेखी गॅरंटी! : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ऑनलाइन जाहिरातींबद्दल काहीही विचारा म्हटलं होतं. जाहिरात कशी करायची हे फार कमी जणांनी विचारलं, बहुतेकांनी आपण कसे गंडलो किंवा गंडता गंडता राहिलो तेच लिहिलंय. त्यातली काही पत्रं घेतोय, नावं गाळून.

प्रश्न : गुहागरजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. परवा फोन आला, बाई हिंदीत म्हणाल्या गूगलसे बोल रही हूं, तुमचं लिस्टिंग व्हेरिफाय नाहीये, आज संध्याकाळपर्यंत ४,९९९ भरा नाहीतर मॅपवर 'कायमचे बंद' दिसेल. मे महिना तोंडावर, हे लगेच जीपे करायला निघाले होते, मी अडवलं. आता रोज फोन, म्हणे पैसे नंतर द्या, एक कोड येईल तेवढा सांगा. सांगू का?

उत्तर : नका सांगू ताई, आणि पैसेही देऊ नका. मॅपवरचं ते बिझनेस प्रोफाइल (२०२१ पर्यंत त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे) उघडायला फुकट, व्हेरिफाय करायला फुकट, चालू ठेवायलाही फुकट. गूगलचे खरे फोन कधीच येत नाहीत असं नाही, पण लिस्टिंग टिकवायचे पैसे ते मागत नाहीत. आणि तो कोड म्हणजे तुमच्या खात्याचा किंवा प्रोफाइलचा ताबा, तो गेला की ४,९९९ वाचवून काही उपयोग नाही, उद्या तुमच्या होमस्टेच्या नावापुढे दुसऱ्याचाच मोबाइल नंबर लागू शकतो.

ही 'कायमचे बंद'ची धमकी जुनी आहे आणि आपल्याकडे जन्मलेली पण नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्लोरिडाच्या पॉइंट ब्रेक मीडिया नावाच्या कंपनीला कोर्टात खेचलं ते याचसाठी, छोट्या दुकानदारांना रेकॉर्डेड कॉल करायचे, गूगलवरून उडाल म्हणून घाबरवायचं आणि ३०० ते ७०० डॉलर काढायचे, आणि ज्यांनी भरले त्यांनाच परत फोन करून आणखी महागडं पॅकेज गळ्यात मारायचं. म्हणजे एकदा पैसे दिले की सुटका होत नाही, उलट हे गिऱ्हाईक देतं अशी नोंद होते.

धमकीत एक चिमूटभर खरं आहे म्हणून ती चालते. मॅपवर कोणीही 'हे ठिकाण बंद आहे' असा बदल सुचवू शकतं, त्यामुळे सीझनआधी स्वतः लॉगिन करून फोन नंबर, वेळा, फोटो बघून घ्या. चुकून पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

प्रश्न : सांगलीत आमचं मॉड्युलर किचनचं शोरूम आहे. पुण्याच्या एका एजन्सीने 'सहा महिन्यांत पहिलं पान, नाहीतर पैसे परत' असं लिहून दिलंय. महिना १८ हजार फी, वर २५ हजार जाहिरातीचं बजेट. रिपोर्ट झक्कास येतात, दहापैकी दहा कीवर्ड (लोक शोधायला टाइप करतात ते शब्द) एक नंबरवर, स्क्रीनशॉटसकट. मी माझ्या मोबाइलवर शोधलं तरी आम्हीच वर. पण शोरूमला फोन येत नाहीत. चुकतंय कुठे?

उत्तर : साहेब, पहिली गोष्ट, स्वतःच्या मोबाइलवर शोधणं बंद करा. तुम्ही शोरूममध्ये बसून, रोज उघडलेली स्वतःचीच साइट शोधताय, रिझल्ट जागेनुसार बदलतात, तुम्हाला ती वर दिसणारच. मिरजेतल्या किंवा इस्लामपूरच्या कोणाला तरी शोधायला लावा. आणि वर दिसतंय त्यावर 'स्पॉन्सर्ड' लिहिलंय का तेही बघायला सांगा, कारण ती जाहिरात असेल तर पैसे थांबले की संध्याकाळी तुम्ही गायब.

आता ते दहा कीवर्ड. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमधले तीन तुमच्या शोरूमच्या नावाचेच आहेत, स्वतःच्या नावाला पहिला येण्यात कसली मर्दुमकी? बाकीचे 'बेस्ट अ‍ॅक्रिलिक मॉड्युलर किचन डीलर इन सांगली विश्रामबाग' असल्या छापाचे, असं कोण टाइप करतं? जिथे शर्यतीत दुसरं कोणी नाही तिथे पहिला नंबर काढून दाखवायचा हीच या धंद्यातली सगळ्यात सोपी हातचलाखी. गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, फुकट आहे, त्यात साइट तुमच्या नावाने जोडा आणि परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये या कीवर्डसमोरचा इम्प्रेशनचा, म्हणजे साइट किती वेळा दिसली त्याचा, आकडा बघा, शून्य किंवा दोन-चार असेल तर समजून जा.

गॅरंटीचं म्हणाल तर गूगल स्वतःच्या मार्गदर्शिकेत सरळ लिहितं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. जाहिरातीतही नाही, कारण प्रत्येक सर्चला नव्याने लिलाव होतो, बोली किती आणि जाहिरात किती कामाची यावर जागा ठरते. मग 'पैसे परत' कसं काय लिहून देतात? करारातलं बारीक अक्षर वाचा, कीवर्ड निवडायचा हक्क एजन्सीकडे ठेवलेला असणार, मी पैज लावतो.

पण खरी मलई २५ हजारांत आहे. ते सगळे गूगलला जातात का? हे तुम्हाला एजन्सीच्या एक्सेल शीटवरून कधीच कळणार नाही. अ‍ॅड्स अकाउंटचं लॉगिन मागा, स्वतःच्या ईमेलवर, अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेससकट, आणि बिलिंगमध्ये जाऊन महिन्याला प्रत्यक्ष किती कापले ते बघा. एजन्सीने फी घेणं चूक नाही, माणसं बसलेली असतात, त्यांनाही पगार लागतो, पण ती वेगळी सांगून घ्यायची, बजेटच्या आत लपवून नाही. गूगलचा नियमच आहे की जाहिराती सांभाळणाऱ्याने आपली फी गिऱ्हाइकाला आधी लेखी सांगायची आणि निदान खर्च, क्लिक आणि इम्प्रेशन हे आकडे द्यायचे. 'आमची सिक्रेट स्ट्रॅटेजी आहे, लॉगिन देता येत नाही' म्हणाले तर तिथेच थांबा.

लॉगिन मिळालं की 'सर्च टर्म्स' उघडा, म्हणजे लोकांनी खरंच काय टाइप केलं तेव्हा तुमची जाहिरात लागली त्याची यादी. त्यात 'मॉड्युलर किचन फोटो', 'किचन फिटर जॉब' असलं निघालं तर प्रत्येक क्लिकचे पैसे तुमचेच गेलेत. लोकेशनची सेटिंगही बघा, मुळात ती 'या भागात असलेले किंवा या भागात रस असलेले' अशी असते, बदलली नाही तर दिल्लीतला माणूसही सांगलीच्या नावाखाली बसतो. एजन्सीने खरंच काम केलंय का हे 'चेंज हिस्टरी'त तारखेनिशी दिसतं. तीन महिने काहीच बदललं नसेल तर ती १८ हजारांची फी कशाची?

प्रश्न : 'तुमच्या साइटचं सर्च इंजिन रजिस्ट्रेशन संपतंय, ताबडतोब रिन्यू करा' असं बिल ईमेलवर आलंय. भरायचं का?

उत्तर : असलं रजिस्ट्रेशन नसतंच. डिलीट करा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, जिथून घेतलंय तिथेच लॉगिन करून रिन्यू करायचं.

प्रश्न : नाशिकमध्ये माझा एकट्याचा टूर्सचा व्यवसाय आहे. एजन्सी सोडतो म्हटल्यावर ते म्हणतात डोमेन आणि मॅपचं प्रोफाइल आमचं आहे, ४० हजार द्या नाहीतर बंद करतो.

उत्तर : मॅपचं आधी सोडवा, ते सोपं आहे. प्रोफाइलवर मालकी मागणारी रिक्वेस्ट टाका, सध्याच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस असतात, त्याने काहीच केलं नाही तर पुढचा मार्ग तुम्हाला मिळू शकतो. डोमेनचं अवघड. कोणाच्या नावावर आहे ते हूइजमध्ये (डोमेनच्या मालकांची ऑनलाइन नोंद) दिसतंय का बघा, तुमच्या पैशांची बिलं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही, आणि पोट भरायला केलेल्या स्वयंरोजगाराची सूट त्यात वस्तूंपुरतीच लिहिलीय, म्हणून तुमचं प्रकरण बसतं का ते १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारा आणि मग वकिलाकडे जा. धमकी फोनवर आली असेल तर 'लेखी पाठवा' म्हणा, बऱ्याचदा तिथेच आवाज खाली येतो.

प्रश्न : मी पुण्यात एका डिजिटल एजन्सीत टेलिकॉलर आहे. स्क्रिप्टमध्ये 'गूगल पार्टनर टीमकडून बोलतेय' असं आहे. कंपनीकडे पार्टनर बॅज खरंच आहे, मग हे खोटं कसं? टार्गेटचं प्रेशर खूप आहे.

उत्तर : बॅज खरा, वाक्य खोटं. गूगल एजन्सीला हा बॅज देतं तो ९० दिवसांत गिऱ्हाइकांच्या जाहिरातींवर १० हजार डॉलर खर्च, ठराविक ऑप्टिमायझेशन स्कोअर (जाहिराती किती नीट लावल्यात त्याचे गूगलचे गुण) आणि परीक्षा पास झालेली माणसं एवढ्यावर, त्याने कोणी गूगलचा माणूस होत नाही. ते वाक्य बांधलंय असं की समोरच्याच्या कानात 'गूगल' एवढंच जावं, आणि आपण गूगल आहोत असं भासवायला गूगलची साफ मनाई आहे. कंपनीचं नाव आधी घेऊन बघ, सर चिडले तर कळेलच कंपनी कशावर चालते. गूगलच्या स्किलशॉप या ट्रेनिंगच्या साइटवर अ‍ॅड्सच्या परीक्षा फुकट आहेत, दोन-तीन देऊन ठेव, कॉलिंग सोडून अकाउंट सांभाळायच्या कामाला अर्ज करता येईल. आणि तोवर कोणी थेट 'तुम्ही गूगलच्याच ना?' विचारलं तर काय म्हणायचं, हे स्क्रिप्टमध्ये दिलंय का? दिलं असेल तर ते पान मला पाठव, नाव न घालता छापतो.