टॉप बॉक्स आणि पॅनियर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या) लावल्यावर बाईक १०० च्या पुढे शेपटी हलवल्यासारखी डोलते, हँडल मात्र थरथरत नाही. कारण काय?

पहिला संशय टॉप बॉक्सवर. तो मागच्या एक्सलच्याही मागे आणि उंचावर असतो. त्यातलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि वरून वाराही अंगावर घेतो. सेकंदाला साधारण दोन-चार हेलकावे बसत असतील तर हा वीव्ह. हँडलची जलद थरथर वेगळी.

टूलकिट, पाण्याच्या बाटल्या, तंबू असं जड सामान पॅनियरच्या तळाशी किंवा टँक बॅगेत घाला, दोन्ही बाजू सारख्या भरा. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, जॅकेट एवढंच. मागचा प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवा. लोक नेमकं हेच विसरतात. टायरमध्ये हवा मॅन्युअलमधल्या भारित आकड्याइतकी, आणि ती टायर थंड असताना तपासा. एवढं करूनही डोललीच तर मेकॅनिककडून कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) बुशिंग बघून घ्या. मधोमध सपाट झालेला मागचा टायरही हा त्रास देतो.

डोलायला लागलीच तर हँडल घट्ट आवळू नका, करकचून ब्रेक तर अजिबात नको. टाकीला गुडघे लावून थोडं पुढे वाका, थ्रॉटल हळूहळू सोडा. तसंही चौपदरी महामार्गावर दुचाकीला ८० चीच मर्यादा आहे.